पाच घंटांची गोधडी

वर्षाला सातवा महिना लागला, आणि सुरतेच्या डिंडोली भागातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात प्रथमच सर्वांनी मोकळा श्वास घेतला. याआधी दोन वेळा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट दिसू लागण्यापूर्वीच सगळे संपले होते. या खेपेस मूल टिकले. ते कशामुळे टिकले याविषयी घरातल्या तिघांचेही एकमत होते. वर्षाची सासू रंजनाबाई, त्यांचा मुलगा म्हणजे वर्षाचा नवरा कुंदन आणि खुद्द वर्षा, तिघेही त्याचे श्रेय एका गोधडीला देत.

ही गोधडी रंजनाबाईंची कल्पना होती. ज्या घरात मूल राहत नाही त्या घराने बाळासाठी कोरे कापड आणू नये, जगल्या-वाचल्या माणसांच्या अंगावरचे जुने कापड पाच ठिकाणांहून मागून आणावे, अशी त्यांच्या अमळनेरकडच्या गावातली रीत होती. रंजनाबाईंनी ही रीत मनापासून पाळायची ठरवली, मात्र कापड कोठून आणायचे याचा विचार त्यांनी आपल्या कामाच्या अनुभवाने केला.

त्या सुरतेतल्या एका कर्करोग रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत कामाला होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या केमो विभागात दाराशी एक पितळी घंटा टांगलेली होती. ज्या रुग्णाचे शेवटचे औषध संपे, तो जाताना ती वाजवी. नर्सा टाळ्या पिटत, नातेवाईक पेढे वाटत. चादरींची ढकलगाडी घेऊन उभ्या असलेल्या रंजनाबाईंच्या हातावरही एक पेढा पडे. मरणाच्या दारातून उठून चाललेले ते माणूस पाहताना त्यांच्या मनात आले, की जगल्या माणसाचे कापड याहून वेगळे ते काय असणार?

मग घंटा वाजली की त्या रुग्णाच्या खाटेची चादर रंजनाबाई गाडीत न टाकता बाजूला ठेवू लागल्या. तिसऱ्या मजल्यावर एक लाल औषध देत. त्याचे शिंतोडे चादरीवर पडले की सोड्यानेही निघत नसत, आणि अशा चादरी फाडून त्यांची फडकी करत. त्यामुळे पाच चादरी कमी झाल्या तरी कोणी विचारले नाही. रंजनाबाईंनी त्या मशीनमध्ये घातल्या नाहीत. मशीनमध्ये सगळ्यांच्याच चादरी एकत्र घुसळल्या जात. ज्यांनी घंटा कधी वाजवलीच नाही, त्यांच्याही. पुण्याईत दुसरे काही मिसळायला नको, म्हणून त्यांनी त्या घरी आणल्या, मोरीत एका पाण्यातून काढल्या आणि गच्चीवर वाळवल्या. लाल डाग तसेच राहिले. ते त्यांना कुंकवाच्या शिडकाव्यासारखे वाटले.

दिवस राहिल्याचे कळले त्याच आठवड्यात वर्षाने गोधडी शिवायला घेतली. पाच चादरींचे पाच थर, वर रंजनाबाईंची जुनी सुती साडी, आणि कडेकडेने आत वळत जाणारा धावदोरा. कात्री कुठेतरी हरवलेली असे, म्हणून ती धागा दातानेच तोडी. शिवून झाल्यावर रंजनाबाईंनी बजावले, "बाळ हातात येईपर्यंत हिला पाणी लावायचं नाही. निजायचं हिच्यावर, बसायचं हिच्यावर. दुसऱ्या कोणाला टेकू द्यायचं नाही."

वर्षाने शब्द पाळला. ती दिवसभर त्या गोधडीवर बसून कापड मार्केटमधून आणलेल्या साड्यांवर खडे चिकटवण्याचे काम करी आणि रात्री त्याच गोधडीवर निजे.

*

होळी होऊन गेल्यावर रुग्णालयात तपासणीचे वारे वाहू लागले. बाहेरचे अधिकारी येणार आणि सफाईच्या, धुण्याच्या माणसांनाही प्रश्न विचारणार, असे कळले. तोवर सुरक्षिततेचे धडे फक्त नर्सांना मिळत. आता लॉन्ड्रीतल्यांनाही वर बोलावणे आले.

"चला बेन, शाळेत जायचंय," लॉन्ड्रीचे सुपरवायझर लक्ष्मणभाई म्हणाले. "सही करायची, चहा प्यायचा, परत यायचं. मॅडम जे सांगतील त्याला हो म्हणायचं."

औषधे तयार करणाऱ्या विभागातल्या शर्वरी मॅडम शिकवायला उभ्या होत्या. वयाने तरुण, सुरतेतच वाढलेल्या, पण मराठी घरातल्या. त्यांनी एका रिकाम्या सलाईनच्या पिशवीत पाण्यासारखे काहीतरी भरले आणि एका नर्सला खाटेवर निजवून खोटा रुग्ण केला. नळी जोडताना दोन थेंब सांडले, नेहमी सांडतात तसेच. मग त्यांनी रंजनाबाईंना पुढे बोलावले.

"रंजनाबेन, रोज जशी चादर बदलता तशीच बदला. काही वेगळं करू नका."

रंजनाबाईंनी चादर ओढली, गोळा केला, तो छातीशी धरून गाडीत टाकला आणि पदराने गालावरचा घाम पुसला. मॅडमनी तीच चादर एका बादलीत साध्या पाण्यातून काढायला लावली. मग खोलीचे दिवे घालवले आणि हातातला एक जांभळा दिवा लावला.

रंजनाबाईंचे दोन्ही तळवे हिरवे पेटले. मनगटे पेटली, पदर पेटला, छातीवर जिथे गोळा टेकला होता तिथे मोठा ठिपका पेटला, आणि गालावर एक लांब पट्टा.

"जुओ, बघा, रंजनाबेन तर नवरात्रीच्या गरब्याला निघाल्या!" अंधारात लक्ष्मणभाई म्हणाले, आणि सगळे हसले. रंजनाबाईही हसल्या.

मग मॅडमनी दिवा बादलीतून काढलेल्या चादरीवर धरला. ती पिळून काढलेली होती, डोळ्यांना स्वच्छ दिसत होती. पण शिवणीशिवणीत हिरवी रेघ उभी होती.

रंजनाबाईंचे हसू थांबले. "एका पाण्यानं निघत नाही का मॅडम?"

"हा नुसता रंग आहे, याने काही होत नाही. औषध कुठे कुठे पोहोचतं ते दिसावं म्हणून मी वापरला. पण औषधही असंच जातं, आणि ते चमकत नाही. म्हणून तर इथल्या चादरी पिवळ्या थैलीतून वेगळ्या यायला हव्यात, वेगळ्या धुवायला हव्यात, दोनदा. हातमोजे घालून."

"चालशे मॅडम, चालतंय," लक्ष्मणभाई म्हणाले. "वेगळं मशीन बिघडून किती काळ झाला. उघड्या हातानं करतोय आम्ही. मी मेलो का?"

"लक्ष्मणभाई, हे औषध वाढणाऱ्या पेशीला मारतं. गाठ वाढत असते म्हणून गाठीला मारतं. ती गाठ आहे की दुसरं काही, हे त्याला कळत नाही." मॅडमनी समोरच्या बायकांकडे पाहिले आणि आवाज थोडा खाली आणला. "गर्भही वाढतच असतो. म्हणून सांगते, घरात कोणी गरोदर असेल तर तिने या कपड्यांना बोटसुद्धा लावायचं नाही."

दिवे लागले. चहा आला. रंजनाबाईंनी कप हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. लक्ष्मणभाई बिस्कीट बुडवत कोणाची तरी थट्टा करत होते. त्यांना मूलबाळ नव्हते. ही गोष्ट लॉन्ड्रीत सर्वांना ठाऊक होती, पण आजवर रंजनाबाईंनी तिचा कशाशी संबंध जोडला नव्हता. आजही त्यांनी तो जोडला नाही. नजर मात्र त्यांच्यावरून हलेना.

*

संध्याकाळी रिक्षात त्या तळवे वर करून, मांडीवर उताणे ठेवून बसल्या. शेजारच्या बाईने विचारले, "मेंदी काढली का काय?" त्यांनी नकारार्थी मान हलवली, पण हात उलटे केले नाहीत.

घरी वर्षा गोधडीवर पाय पसरून बसली होती. मांडीवर गुलाबी साडी, बाजूला खड्यांची डबी.

"वर्षा, ऊठ वं. ती गोधडी दे इकडे, पाण्यातून काढते."

वर्षाने आश्चर्याने वर पाहिले. खानदेशी रीतीने ती सासूला आत्या म्हणे. "आत्या, तुम्हीच सांगितलं ना, हिला पाणी लावायचं नाही म्हणून?"

"सांगितलं होतं. आता ऊन वाढलं. घामानं वास मारत असेल."

"मारू द्या की. पाच जणांचा घाम आधीच आहे तिच्यात, माझा सहावा." वर्षा हसली आणि पोटावर हात फिरवला. "आणि हा आत बसलाय त्याचा सातवा. बघा, लाथ मारतो. हिच्यावर निजले की शांत होतो."

रंजनाबाई मागे सरल्या. गोधडी काढून घ्यायची तर तिला कारण द्यायला हवे होते. खरे कारण दिले तर सुनेने सहा महिने ज्या आधारावर काढले, तोच तिला गिळायला उठला असता. खोटे कारण द्यावे तर प्रत्येक खोट्या कारणाला त्यांनी स्वतःच आधी बंदी घालून ठेवली होती. धुवायची नाही, उसवायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही. एकेक कडी त्यांनीच आतून लावली होती.

सकाळी त्यांनी दुसरी वाट धरली. "थोडे दिवस माहेरी जा, चलथाणला. तुझी आई वाट बघत असेल. इथं पंख्याखाली नुसती भाजते."

वर्षाचे डोळे आनंदाने चमकले. साखर कारखान्याच्या वस्तीत तिचे माहेर होते आणि सासू आपण होऊन कधी जा म्हणत नसे. ती लगेच पिशवी भरायला उठली, आणि तिने सर्वांत आधी गोधडीची घडी केली.

"ती राहू दे इथं."

"हिच्याशिवाय?" वर्षाचा चेहरा उतरला. "मग मी नाही जात."

कुंदन पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून रातपाळी करून आला होता आणि चहा पीत होता. त्याच्या नखांच्या कडा निळ्या होत्या. तो कप आपटून म्हणाला, "माय, तूच हिला नादी लावलं आणि आता तूच काढून घेते? दोन पोरं गेली तेव्हा तू काय काय बोललीस ते विसरली असशील, ही नाही विसरली. आता चांगलं चाललंय तर चालू दे ना."

रंजनाबाई विसरल्या नव्हत्या. दुसऱ्या खेपेनंतर शेजारणींसमोर त्या म्हणाल्या होत्या, "हिचं अंगच धरत नाही, मी काय करू?" वर्षा तेव्हा आतच भांडी घासत होती आणि भांड्यांचा आवाज मध्येच थांबला होता.

त्यांनी डबा उचलला आणि कामाला निघाल्या.

*

शर्वरी मॅडम मधल्या सुट्टीत जिन्यात भेटल्या. रंजनाबाईंनी सुरुवात दुसऱ्याच कोणाच्या नावाने केली. "आमच्या चाळीत एक बाई आहे मॅडम. तिनं अशी चादर, डागाची, फेकणार होते ती, घरी नेली समजा. एका पाण्यातून काढली समजा."

"मग?"

"मग त्याची गोधडी केली. सून निजते तिच्यावर."

"सुनेला कितवा महिना?"

मॅडमनी इतक्या सरळ विचारले की रंजनाबाईंना चाळीतली बाई पुढे नेता आली नाही. "सातवा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून निजते. तिनंच शिवली." आणि घंटेपासून दाताने तोडलेल्या धाग्यापर्यंत सगळे त्यांनी सांगून टाकले.

शर्वरी मॅडम पायरीवर बसल्या.

"तुम्ही मला रागवा," रंजनाबाई म्हणाल्या.

"रागवून काय करू? तुम्हाला आम्ही काही सांगितलंच नव्हतं."

"मग एवढं सांगा, पोराला काय झालं असेल?"

"मला माहीत नाही."

"मोठ्या डॉक्टरांना?"

"त्यांनाही नाही. किती औषध कापडात राहिलं, किती तिच्या अंगात गेलं, गेलं की नाही, हे आता मोजता येणार नाही. कदाचित काहीच झालं नसेल, रंजनाबेन. खरंच. सोनोग्राफी करा, बाळाची वाढ दिसेल. हात, पाय, हृदय दिसेल. पण सगळं ठीक आहे असं लिहून देणारी तपासणी कोणाकडेच नाही. आता हातात आहे ते एवढंच, की गोधडी आजच्या आज बाहेर काढा." त्यांनी आत जाऊन हातमोज्यांच्या दोन जोड्या आणि दोन जाड पिवळ्या थैल्या आणून दिल्या. "एकीत घालून बांधा, मग दुसरीत घाला. उद्या इथं माझ्याकडे आणा. आणि हे मला वर कळवावं लागेल. चादरी नेल्याचं निघेल."

"निघू द्या," रंजनाबाई म्हणाल्या. नोकरी जाण्याची भीती त्यांना वाटायला हवी होती. ती शोधूनही सापडली नाही. आत तेवढी जागाच उरली नव्हती.

*

त्या संध्याकाळी त्या घरात शिरल्या आणि रोजच्या सवयीने आधी मोरीत गेल्या. कामावरची साडी सोडून बादलीत टाकली, घरातली नेसल्या आणि बाहेर येऊन हातमोजे चढवले. कुंदन खाली दूध आणायला गेला होता.

वर्षाने मोज्यांकडे पाहिले आणि तिला हसू फुटले. "हे काय आत्या, डॉक्टरीण झाल्या की काय?"

"ऊठ, वर्षा. भिंतीशी बस, फरशीवर. आणि मी सांगते ते मध्ये न बोलता ऐक."

त्यांनी सांगितले. लाल डाग कशाचे, ते औषध काय करते, जांभळ्या दिव्याखाली आपले हात कसे दिसले, मॅडम काय म्हणाल्या. शब्द चुकत होते, पण त्यांनी काही लपवले नाही. वर्षा ऐकत राहिली. मग तिने स्वतःची बोटे डोळ्यांसमोर धरली.

"मी धागा दातानं तोडत होते."

"हो."

"पण ते पाच जण तर जगले ना? तुम्हीच सांगितलं. घंटा वाजवून गेले."

"जगले, माय. ते औषध त्यांच्यासाठी होतं. आपल्यासाठी नव्हतं."

वर्षाने झेप घेतल्यासारखे पुढे होऊन गोधडीचे टोक पकडले. रंजनाबाईंनी दुसरे टोक धरले. दोघींनीही ओढले नाही, दोघींनीही सोडले नाही.

"हिनंच ठेवलंय त्याला आत," वर्षा म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "हिला नेलं आणि तो गेला तर?"

"आणि हिच्यामुळेच गेला तर?"

हा प्रश्न बोलून झाल्यावर रंजनाबाईंना वाटले, की तो परत घेता आला असता तर बरे झाले असते. वर्षाची बोटे एकेक करून सुटली. तिने ती लगेच अंगाला पुसली, मग पुसली ती जागा पाहिली, आणि हात शरीरापासून लांब, हवेत धरून बसली.

रंजनाबाईंनी गोधडी गुंडाळली. कडेचा धावदोरा फार सुबक होता, सगळे टाके सारखे, आत आत जाणारे चौकोन. त्यांनी ती पहिल्या थैलीत दाबली, तोंड बांधले, ती दुसरीत घातली, पुन्हा बांधले. थैली दाराबाहेर जिन्याच्या कोपऱ्यात ठेवली आणि परत आत आल्या.

"उद्या सोनोग्राफीला जाऊ. मी येते बरोबर. हात धुऊन घे, साबणानं, वाहत्या पाण्याखाली."

वर्षा निमूटपणे मोरीकडे गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला आणि मग बंद झाला. ती बाहेर आली नाही.

"वर्षा?"

त्या मोरीच्या दाराशी गेल्या. वर्षा भिंतीला टेकून उभी होती आणि खाली बादलीकडे बघत होती. बादलीत रंजनाबाईंची कामावरची साडी भिजत होती, रोज असते तशी. पदर पाण्यावर तरंगत होता.

"आत्या," तिने विचारले, "काल तुमच्या पदरावर पण चमकलं म्हणालात ना?"

रंजनाबाईंनी होकारार्थी मान हलवली. तिला काय म्हणायचे आहे हे त्यांना अजून उमगले नव्हते.

"लग्न होऊन आले त्या दिवसापासून तुमची साडी मीच धुते. रोज. याच बादलीत, हातानं. नंतर त्याच पाण्यात माझे कपडे धुऊन काढते, पाणी वाया जाऊ नये म्हणून." ती थांबली. "पहिल्या वेळेला पण धूत होते. दुसऱ्या वेळेला पण."

आता रंजनाबाईंना उमगले. सुनेने सासूची साडी धुवावी हा त्यांच्या घरातला मान होता. त्यांनी स्वतः त्यांच्या सासूची धुतली होती, आणि वर्षा कधी कंटाळली तर त्यांनी तिला त्या मानाची आठवण करून दिली होती.

वर्षा रडत नव्हती. ती फक्त शब्द जुळवत होती, हिशेब तपासणाऱ्या माणसासारखी. "तुम्ही सगळ्यांना सांगायच्या, हिचं अंगच धरत नाही म्हणून. मला पण तसंच वाटायला लागलं होतं."

रंजनाबाईंनी तोंड उघडले. त्यांना म्हणायचे होते की मॅडमनाही माहीत नाही, मोठ्या डॉक्टरांनाही माहीत नाही, कदाचित यातले काहीच खरे नसेल. पण ज्या "कदाचित"च्या आधारावर त्या सुनेला धीर देणार होत्या, त्याच "कदाचित"ने त्यांच्या तोंडून निघालेला तो जुना शब्द आता खोटा पाडला होता. त्या दोन मुलांबद्दलही आता कोणी काही सांगू शकणार नव्हते. ती वर्षाच्या अंगाने सोडली की या बादलीने नेली, हे विचारायला जागाच नव्हती.

"बाहेर ये," त्या एवढेच म्हणाल्या. "पाण्याला हात लावू नको. ये, अशी कडेनं ये."

वर्षा अंग चोरून त्यांच्या बाजूने बाहेर निघाली. निघताना तिचा खांदा सासूला लागणार होता, तो तिने आवरून घेतला.

रंजनाबाईंनी वाकून मोजे घातलेल्या हातांनी बादली उचलली. मोरीचे भोक समोरच होते. रोज तिथेच ओतत. पण मोरीचे पाणी खालच्या उघड्या गटारात पडे, आणि गटाराच्या काठावर शेजारची पोरे चेंडू खेळत होती. त्यांच्या हाका वर ऐकू येत होत्या. गच्चीवर न्यावे तर तिथे सगळ्या चाळीचे कपडे वाळत घातलेले. त्या बादली घेऊन मोरीतून खोलीत आल्या, खोलीतून दारात आल्या.

कुंदन दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होता. कोपऱ्यातली पिवळी थैली पाहून तो थबकला. मग त्याने वर पाहिले. दारात माय भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून उभी होती. अंगावर थेंब उडू नये म्हणून तिने हात पुढे ताणले होते.

"काय शे, माय? दे इकडे, मी ओततो."

"नको," रंजनाबाई म्हणाल्या. "तू लांब हो."

त्या तशाच उभ्या राहिल्या. खाली पोरे ओरडत होती, मागे भिंतीशी वर्षा हात हवेत धरून बसली होती, आणि त्या सबंध घराभोवती बादली रिकामी करता येईल अशी एकही जागा त्यांना दिसत नव्हती.